आप्पांचा अबोला

"तो विचारणार. काहीही विचारलं तरी खरं सांगायचं नाही," असं नूपुरने स्पृहाला बजावलं होतं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, डब्यातली शेपूची भाजी चमच्याने बाजूला सारत. नूपुर असल्या कार्यक्रमांना महिन्यातून दोनदा जाणारी. हे स्टँड-अपवाले पहिल्या रांगेतलं माणूस धरतात, नाव-गाव विचारतात, घरी कोण कोण विचारतात, आणि त्या उत्तराला मग तासभर सोडत नाहीत, हे तिने नीट समजावून सांगितलं होतं. ती स्वतः दर वेळी नवं काहीतरी ठोकून द्यायची. एकदा ती नाशिकची द्राक्षबागायतदार होती, एकदा लावणीच्या क्लासची मास्तरीण. स्पृहा हसली, आणि डब्याचं झाकण लावता लावता विसरूनही गेली. तिला वाटलं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय. शिवाय खोटं सांगायचं म्हणजे ते आधी रचायला हवं, आणि तिला ते कधी जमलंच नव्हतं. तिचे वडील गिरगावात राहून बत्तीस वर्षं एका सरकारी खिडकीमागे बसले. अर्धवट उत्तर देणाऱ्या माणसाला पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागतं, हे त्यांनी घरातही कधी विसरू दिलं नाही. आज शाळेत काय झालं, एवढ्या प्रश्नाला पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सगळं सांगावं लागायचं, आणि मध्ये काही गाळलं तर ते ताटावरचा हात थांबवून नुसते बघत बसायचे. म्हणून आता बत्तिसाव्या वर्षीसुद्धा टॅक्सीवाल्याने सहज विचारलं, काय मॅडम, माहेरी का, तर स्पृहा त्याला नाही, डॉक्टरांकडे, बाळाला जुलाब होतायत, असं सांगून मोकळी व्हायची. विचारलं की आतून ते आपोआप वर यायचं, आणि ते सांगून टाकल्याशिवाय तिला श्वास पुरायचा नाही.

रविवारी संध्याकाळी पाचचा शो होता, दादरला, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावरच्या हॉलमध्ये. वरद झाल्यापासूनच्या वीस महिन्यांत ती आणि तिचा नवरा हितेंद्र पहिल्यांदाच दोघंच असे बाहेर पडले होते. वरदला आप्पांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, सोपवून निघताना त्याने तिची ओढणी अशी धरून ठेवली होती की निघायलाच वीस मिनिटं उशीर झाला, आणि दारावरच्या मुलीने टॉर्च मारत त्यांना सरळ पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, कारण शहाण्या माणसांनी नेमकी तीच रांग रिकामी सोडली होती. गुडघे स्टेजला टेकत होते. एसीची झुळूक मानेवर पडत होती. फोन तिने मांडीवर पालथा न ठेवता उताणा ठेवला होता, आवाज बंद, उजेड कमी केलेला, आणि दर दोन मिनिटांनी ती त्याच्याकडे बघत होती. आप्पांना फोन उचलता येतो, पण लावता येतो का? शेजारी मालनकाकी आहेत. पण मालनकाकी रविवारी संध्याकाळी देवळात जातात. साडेसहाला वरदला भूक लागते. हेरंब नावाचा तो पोरगा स्टेजवर येऊन बोलायला लागला होता, हितेंद्र पहिल्याच वाक्याला मांडीवर थाप मारून हसला होता, आणि मागून दोनशे माणसांचं हसू कुकरचं झाकण उघडल्यासारखं तिच्या पाठीवर आदळत होतं. इतक्या जवळून त्याच्या बुटांचे तळ दिसत होते, बोलताना उडणारी थुंकी दिसत होती, आणि एक विनोद संपून दुसरा सुरू व्हायच्या मध्ये त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर येणारी भीतीही दिसत होती. ती भीती तिला ओळखीची वाटली. सगळे हसले की ती अर्ध्या सेकंदाने हसायची. आपण हसतो आहोत का, हेही तिला तपासावंसं वाटायचं.

त्याने विचारलंच. नाव. मग काय करता. विम्याच्या कंपनीत क्लेम तपासते, लोकांनी काय काय लपवलंय ते शोधते, असं तिने सांगितलं तेव्हा मागे पहिली लहर उठली. मग घरी कोण कोण. मी, हे, मुलगा आणि सासरे. सासऱ्यांशी जमतं का, असं त्याने माइक तिच्या ओठांपाशी धरून विचारलं. आता नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण माइकच्या जाळीला त्याच्या श्वासाचा ओलसर वास येत होता, बाजूला हितेंद्र डोळे चमकवत तिच्याकडे बघत होता, आणि वडिलांचा हात ताटावर थांबला होता. जमतं, ती म्हणाली, फक्त ते रोज सकाळी आमच्यासाठी गाऱ्हाणं घालतात.

हॉलमधल्या निम्म्या लोकांना काही सांगायची गरज पडली नाही. कोकणातल्या घरांतून आलेली ती माणसं जागच्या जागी सरसावून बसली. उरलेल्यांसाठी तिने सांगितलं. देवाला मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, मालवणीत साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी व्हय म्हाराजा म्हणून दुजोरा द्यायचा. गावी हे जत्रेला होतं, लग्नात होतं, घराच्या पायाभरणीला होतं. आप्पा ते डिलाईल रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, रोज सकाळी पावणेआठला घालतात. ती पर्स खांद्याला अडकवून चपला शोधत असते आणि ते दाराच्या चौकटीला हात लावून सुरू करतात, सून कामार चल्ली हा, तिका बस येळार गावांदे रे म्हाराजा, आणि गॅलरीत ब्रश तोंडात घेऊन उभी असलेली माणसं फेसासकट म्हणतात, व्हय म्हाराजा. तिच्या साहेबाक सुबुद्धी मेळांदे. व्हय म्हाराजा. आणि शेवटचं, रोजचं, न चुकता, नातवाचा प्वाट साफ होवंदे रे म्हाराजा. अख्खा मजला व्हय म्हाराजा. मुलाला शी झाली की नाही हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, ती म्हणाली, झाली नाही तर संध्याकाळी पंधरा नंबरवाले मला जिन्यात थांबवून विचारतात.

हॉल फुटला. खरोखर फुटला. तिने आयुष्यात कधी दोनशे माणसांना हसवलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगमध्येही ती पडद्यामागे उभी राहून दुसऱ्यांचे संवाद पुटपुटणारी. ते हसू पाठीवरून चढून मानेत, कानांत आलं, गाल गरम झाले, आणि वीस महिन्यांत पहिल्यांदाच मांडीवरच्या फोनचा तिला पूर्ण विसर पडला. तिने आणखी सांगितलं. आप्पांचा आवाज काढून दाखवला, तो घशातून ओढलेला म्हाराजा. हितेंद्रने हसता हसता डोळ्यांवर हात धरले होते. मग हेरंबने माइक परत घेतला, चौकटीला हात लावल्यासारखा हवेत हात धरला आणि स्वतःच सुरू केलं. पोराक साफ होवंदे. दोनशे माणसं, व्हय म्हाराजा. सुनेक रविवारची सुट्टी मेळांदे. व्हय म्हाराजा. "आणि ह्या आप्पांचो आवाज एक दिवस तरी बंद होवंदे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. हॉलभर ते एका सुरात घुमलं, छत खाली आल्यासारखं, आणि त्या सुरात पहिल्या रांगेतला तिचाही आवाज होता. तोंडातून निघून गेल्यावर तिला तो ऐकू आला. तीन वर्षं रोज सकाळी म्हणायची सवय; जीभ थांबली नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला त्याची लाज वाटायची. गिरगावातल्या तिच्या घरी देव कोनाड्यात होते आणि त्यांच्याशी सगळं हळू आवाजात चालायचं. इथे हा उघडाबोडका गजर, ज्यात तिचं ऑफिस, तिची बस, तिच्या साहेबाची बुद्धी सगळं गॅलरीभर टांगलं जायचं. आईला फोनवर तिने नक्कल करून दाखवली होती आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग वरद सातव्या महिन्यातच आला. अकराशे साठ ग्रॅम. परळच्या एका इस्पितळात काचेच्या पेटीत तो निळसर पडलेला, छातीचा पिंजरा कागदी कंदिलासारखा आतबाहेर होणारा, आणि तिला दिवसातून दोनदा हात धुवून आत जाऊ द्यायचे. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आप्पा उभे. मिलमध्ये एकोणीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस, त्याला बसणं असं ठाऊकच नव्हतं. चौथ्या दिवशी तिने दारातून ऐकलं, ते भिंतीला हात लावून, अगदी दबक्या आवाजात म्हणत होते, पोराचो श्वास नीट चलांदे रे म्हाराजा. आणि पुढे कुणी काही म्हणत नव्हतं. तिकडे पलीकडच्या बाकावर एक बिहारी बाप बसलेला असायचा, त्याची मुलगी शेजारच्या पेटीत. त्याला काय कळलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी तो म्हणायला लागला, व्हय महाराजा. मग आप्पा त्याच्या मुलीसाठीही घालायला लागले. स्पृहा काचेच्या आत, छातीवर ते वीतभर ऊन ठेवल्यासारखं बाळ घेऊन बसलेली, आणि ते दोन पुरुषी आवाज दाराच्या फटीतून येणारे. त्या आवाजांवर आपण त्या वेळी किती भार टाकला होता, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आणि हॉलमध्ये तर तिने तो कॉरिडॉर गाळलाच होता. एवढं सगळं सांगितलं, पूर्ण सांगितलं, आणि नेमकं तेवढंच गाळलं.

त्या कार्यक्रमाची क्लिप गुरुवारी आली. हेरंबने टाकली, कुणीतरी ती मजल्याच्या ग्रुपवर टाकली, आणि रात्रीपर्यंत पंधरा नंबरवाल्यांनी, मालनकाकींच्या मुलाने, खालच्या पानवाल्यानेसुद्धा हसून रडणारे चेहरे पाठवून झाले होते. आप्पांकडे बटणांचा फोन होता, त्यांना ती दिसण्याचं कारण नव्हतं. पण चाळीत दिसायला फोन लागतो थोडाच. हितेंद्र म्हणाला, अगं सोड ना, आप्पांना उलट आवडेल. त्याने तसं म्हणताना मोबाइलवरून नजर वर केली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला ती पर्स अडकवून दारात आली. आप्पा चौकटीशी आले. त्यांनी हात वर केला, चौकटीला लावला. गॅलरीत ब्रश थांबले. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली, तिच्या चपलांकडे, आणि हात काढून घेऊन ते आत गेले. पंधरा नंबरवाले नळाकडे वळले. स्पृहा जिना उतरली. कळलं. त्यांना कळलं. बस वेळेवर आली, साहेब बरा वागला, आणि या दोन्ही गोष्टींनी तिला आणखीच भीती वाटली.

त्यानंतर सात दिवस आप्पा बोलले नाहीत. म्हणजे अगदीच बोलले नाहीत असंही नाही. मान हलवायचे, हूं म्हणायचे, वरदला मांडीवर घेऊन गुणगुणायचे. पण शब्द नाही. ऑफिसमध्ये क्लेमच्या कागदांवर नजर फिरवताना तिला सारखं त्यांचं तोंड दिसायचं, बंद, एका बाजूला किंचित ओढलेलं, नाराज माणसाचं असतं तसं. अबोला हा प्रकार तिला माहेरून चांगला ठाऊक होता. तिची आत्या आणि काका अकरा वर्षं एका घरात न बोलता राहिले होते, आणि त्यात एक शिस्त होती: ज्याच्यावर राग आहे त्याने समोर फार वावरायचं नाही, आवाज करायचा नाही, रागाला आपली जागा द्यायची. तिने ती दिली. ती पाय न वाजवता चालू लागली. शनिवारी तिने विचारलं, भाकरी देऊ का, तर आप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बटण." एवढंच. तिला तो टोमणा वाटला. आपण कुणाचं तरी बटण दाबून हसवलं असं त्यांना म्हणायचं असेल, असा अर्थ लावून ती मोरीत जाऊन रडली. त्यांनी शर्टाची बटणं एक घर सोडून लावली होती, हेही तिला दिसलं होतं. रागात माणसाचं लक्ष नसतं, असं तिने मनात म्हटलं. रोज दुपारी ते पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, छोट्या पेन्सिलीने, ओठ हलवत. ते आता कोरं राहायला लागलं. त्याचाही अर्थ तिच्यापाशी तयार होता. लोकांनी काय लपवलंय ते कागदावरून हुडकून काढायचा पगार घेणारी बाई, आणि घरातला माणूस रोज तिच्यासमोर उघडा पडत होता.

दुसऱ्यांनीही तेच केलं, हे तिला फार उशिरा कळलं. मजल्यावर प्रत्येकाने ती क्लिप पाहिली होती, प्रत्येकजण तिच्यावर हसला होता, आणि त्यामुळे आप्पांसमोर उभं राहायला प्रत्येकाला ओशाळल्यासारखं होत होतं. एरवी सकाळपासून त्यांच्या दाराशी चार माणसं टेकायची. आता आप्पा गॅलरीत आले की कुणाला नळ आठवायचा, कुणाला गॅस. मालनकाकींनी सोमवारी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "मोठ्या माणसाचो राग आसा तो, आपसूक उतारतलो. तू काय बोला नको." आणि त्या स्वतः चहाचा कप आप्पांच्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता परत जायच्या. इतक्या माणसांनी मिळून, इतक्या आदराने, त्यांना एकटं सोडलं होतं.

तिची खरी भीती मात्र वेगळीच होती आणि ती रोज बसमध्ये वर यायची. वरद दिवसभर त्यांच्याकडे असतो. त्यांचा राग वरदवर निघणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ते आता त्याच्यासाठी काही मागत नाहीत. वीस महिने रोज सकाळी त्या पोराभोवती एक आवाज फिरत होता, तो थांबला आहे. मंगळवारी वरदला ताप आला, नव्व्याण्णव, दात येत होते, दुसरं काही नाही. तरी ती ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून, कुणी नाही असं पाहून, दबक्या आवाजात म्हणाली, पोराचो ताप उतरांदे रे म्हाराजा. टाइल्सवरून आवाज परत आला. पुढे काही म्हणायला कुणी नव्हतं, आणि स्वतःच स्वतःला दुजोरा देणं तिला जमलं नाही. दोनशे माणसांनी एका सुरात मागितलेलं मिळालं होतं. एक दिवस तरी म्हणाला होता तो, पाच झाले.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चार वाजता घरी आली तेव्हा वरद झोपला होता आणि आप्पा खिडकीशी, उभेच. तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः खाली बसली. आठवडाभर मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आलं नाही. आप्पा, मी चुकले, ती म्हणाली, आणि मग सवयीने सगळं सांगितलं: नूपुरने काय बजावलं होतं, ती कुठल्या रांगेत बसली, त्याने काय विचारलं, तिने काय सांगितलं, त्यांचा आवाज कसा काढला. कॉरिडॉर गाळला हेही सांगितलं. आप्पा ऐकत होते, भुवया आक्रसून, जणू काही ती परक्या भाषेत बोलते आहे आणि तिचं मन मोडू नये म्हणून ते मान हलवतायत. शेवटी तिला वाटलं, अर्धवट नको, आणि तिने फोन काढून ती क्लिप त्यांच्यासमोर धरली.

आप्पांनी फोन दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसता उजेड पडला, आणि मग हळूहळू, खालून वर, त्यांना हसू यायला लागलं. ते पहिल्यांदा बघत होते. तिला ते स्पष्ट दिसलं. त्यांनी बोटाने पडद्यावरच्या तिला हात लावला, मग समोरच्या तिला दाखवलं, ही तू. हसता हसता त्यांचे खांदे हलत होते. हेरंबने हवेत हात धरला, पोराक साफ होवंदे रे म्हाराजा, आणि आप्पांनी दम भरला, छाती फुगवली, सगळ्यांबरोबर म्हणायला तोंड उघडलं. हॉल म्हणाला. आप्पांच्या तोंडातून आलं, "बटण." ते थांबले. पुन्हा तोंड उघडलं. "बट." हसू चेहऱ्यावर तसंच होतं, अर्ध्याच बाजूला, आणि त्याच्या वर डोळे घाबरलेले. पडद्यावर लोक टाळ्या वाजवत होते. आप्पांनी फोन खाली ठेवला, वरद झोपला होता तिकडे बोट दाखवलं, मग आपल्या छातीला लावलं, आणि मान जोरजोरात हलवली, नाही, नाही. ते काय म्हणतायत ते तिला त्या क्षणी कळलं. हे कुणाला कळलं तर पोर माझ्याकडे ठेवणार नाहीत. सात दिवस ते हेच लपवत होते. आणि ती सात दिवस त्यांच्यासमोरून पाय न वाजवता ये-जा करत होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीण बाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आप्पांना जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर धरायला लावले, पेन दाखवून हे काय विचारलं. मग स्पृहाकडे वळून विचारलं, कधीपासून. हितेंद्र गोदीतल्या कामावरून तसाच धावत आला होता, युनिफॉर्मवर. तो तिच्या आधी बोलला, आज दुपारपासून. त्याला खरंच तसं वाटत होतं. डॉक्टरीण बाई लिहायला लागल्या. स्पृहा म्हणाली, "नाही. मागच्या शुक्रवारी सकाळपासून. पावणेआठ." पेन थांबलं. मेंदूतल्या एका लहानशा नसेची गोष्ट असते, ती तुंबली की शब्द जातात, पहिल्या काही तासांत आणलं तर बरंच काही करता येतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं, रागावल्या नाहीत. सात दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं विचारलं. स्पृहाने उत्तर द्यायला सुरुवात केली. कार्यक्रम, क्लिप, अबोला. ऐकता ऐकता बाईंच्या चेहऱ्यावर ऐकणं संपून दुसरंच काहीतरी आलं, आणि स्पृहा मध्येच थांबली. पूर्ण उत्तर होतं ते. त्याचा उपयोग कुणालाच नव्हता. हितेंद्र भिंतीकडे बघत होता. आप्पांनी बाकावरून हात लांब करून तिच्या मनगटाला धरलं, थोपटल्यासारखं, जणू तीच आजारी आहे.

याला आता चार महिने झाले. काही शब्द परत आले आहेत. पाणी येतं, वरद येतं, हितेंद्रला ते हितू म्हणतात तेही येतं. तिला ते अजून बटण म्हणतात, आणि वरदही आता आईला बटण म्हणायला शिकला आहे. वरद दिवसा मालनकाकींच्या घरी असतो, आणि आप्पा त्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. सकाळी ती निघते तेव्हा गॅलरीत कुणी काही म्हणत नाही. ती पहिल्या वळणावर थांबून मागे बघते, उगाच, सगळे जागेवर आहेत ना एवढंच बघायला. हेरंबची ती क्लिप पुष्कळ लोकांनी पाहिली. तिने त्याला काही कळवलं नाही. काय कळवणार? तो वाईट मुलगा नव्हता, त्याने फक्त विचारलं होतं.

चालायला सांगितलं आहे म्हणून आप्पा संध्याकाळी एकटे बाहेर पडतात. सोबत कुणी आलेलं त्यांना चालत नाही, सोबतचा माणूस परत जाईपर्यंत रस्त्यातच उभे राहतात. नाव-पत्त्याची चिठ्ठी खिशात ठेवली तर ती उशीखाली काढून ठेवतात. मागच्या आठवड्यात एका भल्या माणसाने त्यांना गोंधळलेलं पाहून कुठे जायचं विचारलं, त्यांच्या तोंडून कोळीवाडा असं काहीतरी निघालं, आणि त्या माणसाने हाताला धरून त्यांना शीव कोळीवाड्याच्या बसमध्ये बसवून दिलं. साडेतीन तास ते तिथे एका मासेवालीच्या पाटाशेजारी उभे होते. मासेवालीने चहा पाजला होता. त्या साडेतीन तासांबद्दल स्पृहा बोलत नाही. तेव्हापासून रोज साडेपाचला ती ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहते, जिथून डिलाईल रोड दिसत नाही.

म्हणून तिचं तुमच्याशी एक काम आहे. तुम्ही साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये त्या बाजूला असलात, तर लोअर परळच्या पुलापासून आर्थर रोडच्या नाक्यापर्यंत डाव्या फुटपाथवर एक उंच, वाकलेले गृहस्थ चालत असतील, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजवा पाय जरा ओढत. त्यांना थांबवा. चहा घेतलात का, काहीही विचारा, फक्त विचारा. पहिला शब्द येईल तो त्यांचा नसेल, दुसराही बहुधा नसेल, त्यावर विश्वास ठेवून त्यांना कुठे बसवून देऊ नका. त्यांच्या वतीने शब्द भरू नका. तुमच्या हातातली पिशवी जड असली तरी थोडा वेळ खाली ठेवा. आणि ते गप्प झाले, तुमच्याकडे बघून खाली बघायला लागले, तर रागावले आहेत असं समजून निघून जाऊ नका.